खिडकी, मार्गिका आणि मन : इमारतींचा मानसिक आरोग्यावर परिणाम कसा होतो?

1950च्या दशकात कॅनडातील सस्कॅचवन प्रांतात, वेबर्न येथील मोठ्या मनोरुग्णालयात, वृद्ध स्त्रियांचा एक वॉर्ड होता. वॉर्डात नवे सामान आले होते, खोली स्वच्छ आणि उजळ दिसत होती, तरीही तिथल्या स्त्रिया दिवसाचे दिवस एकमेकींशी अवाक्षरही न बोलता बसून राहत. रॉबर्ट सॉमर या तरुण मानसशास्त्रज्ञाने याचे कारण शोधण्यासाठी रुग्णांकडे पाहता पाहता खुर्च्यांकडेही पाहिले. सगळ्या खुर्च्या भिंतींना पाठ लावून, खांद्याला खांदा भिडेल अशा रांगांत मांडलेल्या होत्या. शेजारणीशी बोलायचे तर मान पूर्ण वळवावी लागे, आणि समोरच्या रांगेतली बाई इतकी लांब की तिच्याशी बोलायला आवाज चढवावा लागे. सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्याने लहान टेबले आणून त्यांच्याभोवती खुर्च्या मांडल्या. पहिले काही दिवस रुग्ण आणि कर्मचारी खुर्च्या उचलून पुन्हा भिंतीला नेऊन लावत, कारण तीच मांडणी सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. मात्र काही आठवड्यांनी मोजणी केली, तेव्हा त्या स्त्रियांमधील संभाषणे जवळजवळ दुप्पट झालेली आढळली. वॉर्ड तोच होता, माणसेही तीच होती. बदलली होती ती केवळ खुर्च्यांची जागा.

त्याच रुग्णालयात काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑसमंड यांनी अशा जागांचे दोन प्रकार सांगितले. काही जागा माणसांना एकमेकांकडे ओढतात, तर काही त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतात. रेल्वे स्थानकावरील बाकांची रांग ही दुसऱ्या प्रकारची जागा, आणि चार जणांचे गोल टेबल पहिल्या प्रकारची. स्थानकावर माणूस थोडा वेळ थांबून निघून जाणार असतो, म्हणून तिथे दूर ढकलणारी रचना खपून जाते. पण ज्या माणसाला एखाद्या जागेत महिनोन्‌महिने राहायचे आहे आणि ज्याचा आजारच त्याला इतरांपासून तोडणारा आहे, त्याला आपण स्थानकासारख्या जागेत ठेवतो, तेव्हा आजाराला इमारतीचीही साथ मिळते.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. इमारत कोणाला मनोरुग्ण बनवत नाही आणि इमारतीने कोणाचा आजार बराही होत नाही. आनुवंशिकता, बालपणातील आघात, गरिबी, एकटेपणा, शारीरिक व्याधी अशी मानसिक आजारांची कारणे अनेक पदरी असतात. इमारतीचे काम याहून संथ असते. ती रोज थोडा ताण वाढवते किंवा थोडा ताण उतरवते, झोप थोडी बिघडवते किंवा सुधारते, शेजाऱ्याशी बोलणे थोडे सोपे किंवा अवघड करते. औषधाची गोळी दिवसातून एकदा घेतली जाते. पण खोलीची सोबत चोवीस तास असते, आणि म्हणूनच तिच्या लहानशा परिणामालाही मी महत्त्व देतो. या विषयावरील संशोधन वाचताना एक धागा मला पुन्हा पुन्हा दिसत राहिला, आणि या लेखात मी तोच धरून चालणार आहे : जागेत आपल्या हाती किती गोष्टी आहेत, म्हणजे उजेड, आवाज, सोबत आणि एकांत यांवर आपला किती ताबा आहे, यावर त्या जागेचा मनावरील परिणाम बऱ्याच अंशी ठरतो.

उजेड : दिसण्यापलीकडचे काम

उजेडाचा आणि मनःस्थितीचा संबंध लोकांना फार पूर्वीपासून जाणवत आला असला, तरी तो नेमका कसा जुळतो हे कळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर वस्तू आणि रंग दिसण्यासाठी लागणाऱ्या पेशी असतात हे शाळेत शिकवले जाते. 2002च्या सुमारास असे दिसून आले की त्यांखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात आणि त्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे हे नसते. या पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य असते, ते निळसर प्रकाशाला, साधारण 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, सर्वाधिक प्रतिसाद देते. हा संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्याशा केंद्राकडे जातो. हे केंद्र म्हणजे शरीराचे मुख्य घड्याळ. झोप केव्हा यावी, शरीराचे तापमान केव्हा चढावे, मेलॅटोनिन हे रात्रीचे संप्रेरक केव्हा स्रवावे, हे सारे त्याच्या तालावर चालते. पेशींतील हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ चोवीस तासांशी अगदी तंतोतंत जुळणारे नसते, त्यामुळे ते रोज प्रकाशाने जुळवून घ्यावे लागते. अडचण अशी की आपल्या डोळ्यांना खोलीतील उजेड आणि बाहेरचा उजेड यांतील खरे अंतर जाणवत नाही. बुबुळ आणि मेंदू इतक्या सहजपणे जुळवून घेतात की चांगले दिवे असलेली कचेरी आपल्याला पुरेशी उजळ वाटते. तिथे टेबलावर प्रकाश पडतो तो साधारण 300 ते 500 लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक). बाहेर ढगाळ दिवशीही तो 10,000 लक्सच्या घरात जाऊ शकतो, आणि लख्ख उन्हात 1,00,000 लक्सपर्यंत पोचतो. म्हणजे सकाळी घराबाहेर न पडता दिवसभर आतल्या खोलीत बसणारा माणूस शरीराच्या घड्याळाच्या दृष्टीने सतत संधिप्रकाशात असतो. आणि रात्री दिवे व मोबाइल-टीव्हीचे पडदे यांच्या उजेडात जागत बसला, तर त्याचा दिवस अंधूक आणि रात्र उजळ होऊन बसते. झोप विस्कळीत होणे हे नैराश्याचे लक्षण आहे तसेच ते नैराश्याला खतपाणी घालणारे कारणही आहे, त्यामुळे हा उलटा क्रम मनाला महागात पडतो.

रुग्णालयांतील नोंदींतून याचा पुरावा मिळतो. कॅनडातील एडमंटन येथील एका मानसोपचार विभागात काही खोल्यांत भरपूर ऊन येत असे आणि काहींत फारसे येत नसे. तीव्र नैराश्याचे रुग्ण उन्हाच्या खोल्यांत सरासरी 16.9 दिवस राहिले आणि अंधूक खोल्यांत 19.5 दिवस, असे 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. 2001 साली इटलीतील मिलान येथील संशोधकांनी द्विध्रुवीय आजारातील (ज्यात अतिउत्साह आणि नैराश्य यांचे टप्पे येतात) नैराश्याच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पूर्वेकडील खोल्यांत, जिथे सकाळचे ऊन थेट येत होते, तिथले रुग्ण पश्चिमेकडील खोल्यांतील रुग्णांपेक्षा सरासरी 3.67 दिवस आधी घरी गेले. असे अभ्यास संपूर्ण सिद्धतेचा दावा करू शकत नाहीत, पण दोन वेगळ्या देशांतून आणि दोन वेगळ्या पथकांकडून एकाच दिशेचे निष्कर्ष यावेत, आणि त्यामागची शारीरिक यंत्रणाही ठाऊक असावी, ही जमेची बाजू मोठी आहे.

आराखडा करणाऱ्यासाठी याचा अर्थ बराच व्यावहारिक आहे. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जितकी उंची असेल, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड खोलीत उपयोगी पडतो, असा ठोकताळा वास्तुविशारद वापरतात. म्हणून रुंद पण बुटकी खिडकी देण्यापेक्षा उंच खिडकी दिली तर उजेड खोलवर जातो, आणि फार खोल इमारतीच्या मध्यभागी माणसांना दिवसभर बसवण्यापेक्षा तिथे जिने आणि कोठारे ठेवणे शहाणपणाचे ठरते. ज्या खोलीत माणूस सकाळचा पहिला तास घालवतो ती पूर्वेला असावी. रात्री मार्गिकांत, म्हणजे खोल्यांबाहेरच्या लांब बोळांत, मंद, पिवळसर आणि जमिनीलगतचे दिवे असावेत, म्हणजे रात्री उठलेल्या माणसाला वाट दिसेल, पण त्याच्या शरीराला सकाळ झाल्याचा संदेश जाणार नाही. आणि पडदा ओढण्याची दोरी खोलीत राहणाऱ्याच्या हाताला लागली पाहिजे. उजेड कितीही चांगला असला, तरी तो नकोसा झाल्यावर आपल्याला थांबवता येत नसेल, तर त्याचाही जाच होतो.

खिडकीबाहेर काय दिसते

खिडकीच्या बाबतीत सर्वांत जास्त उल्लेख होतो तो संशोधक रॉजर उलरिच यांच्या 1984 सालच्या अभ्यासाचा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. काही खोल्यांच्या खिडक्यांतून झाडे दिसत, तर इतर खोल्यांतून विटांची तपकिरी भिंत. वय, लिंग, वजन, धूम्रपान अशा बाबींत जुळणाऱ्या रुग्णांच्या त्यांनी 23 जोड्या लावल्या. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी 7.96 दिवस राहिले, भिंत दिसणारे 8.70 दिवस. झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, आणि परिचारिकांच्या नोंदींत त्यांच्याविषयी ‘अस्वस्थ आहे, धीर द्यावा लागतो’ अशा आशयाचे शेरे कमी होते.

46 रुग्णांचा हा अभ्यास लहान आहे, आणि त्यावर जितका भार टाकला जातो तितका तो एकट्याने पेलू शकत नाही असे माझे मत आहे. पण त्यानंतर चार दशकांत अनेक दिशांनी संशोधन झाले आहे आणि त्याचा कल साधारण तसाच आहे. हिरवाईचा परिणाम का होतो याचे एक समजण्याजोगे स्पष्टीकरण रेचल आणि स्टीफन कापलान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने दिले. आपले लक्ष दोन प्रकारे काम करते. हिशोब तपासताना किंवा रहदारीत गाडी चालवताना आपण लक्ष प्रयत्नपूर्वक एका जागी धरून ठेवतो, आणि त्यासाठी इतर साऱ्या गोष्टी सतत बाजूला सारत राहतो. हे धरून ठेवणारे लक्ष थकते. ते थकले की माणूस चिडचिडा होतो, चुका करतो, त्याचा संयम सुटतो. याउलट हलणारी पाने, पाण्यावरची चमक, सरकणारे ढग यांच्याकडे लक्ष आपोआप जाते, त्यासाठी जोर लावावा लागत नाही आणि मन भरकटायलाही मोकळे राहते. तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. रस्त्यावरची झगमगती जाहिरातही लक्ष आपोआप खेचते, मात्र ती मनाला मोकळे सोडत नाही, म्हणून तिच्याकडे पाहून विसावा मिळत नाही.

म्हणून खिडकी ‘आहे की नाही’ एवढेच नकाशावर पाहून भागत नाही. पलंगावर पडलेल्या माणसाचे डोळे कोणत्या उंचीवर असतात, चाकांच्या खुर्चीत बसलेल्याचे कोणत्या, लहान मुलाचे कोणत्या, हे पाहून खिडकीचा खालचा काठ ठरवायला हवा. उभ्या माणसाला बाग दिसते आणि अंथरुणावरच्याला फक्त आकाशाची पट्टी, अशा खिडक्या मी अनेक इमारतींत पाहिल्या आहेत. त्या आखणाऱ्यांनी उभ्याने विचार केला होता.

गोंगाट आणि हातातले बटण

1970च्या दशकात न्यूयॉर्कमधील एका प्राथमिक शाळेची इमारत उन्नत रेल्वेमार्गाला अगदी लागून होती. एका बाजूच्या वर्गांत दर काही मिनिटांनी गाडीचा खडखडाट होई आणि शिक्षकांना बोलणे थांबवावे लागे. दुसऱ्या बाजूचे वर्ग तुलनेने शांत होते. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचन तपासले आणि 1975 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोंगाटाच्या बाजूची मुले मागे होती, आणि वरच्या इयत्तांत हे अंतर जवळपास वर्षभराच्या अभ्यासाइतके झाले होते. नंतर रुळांखाली रबराचे थर बसवण्यात आले आणि वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे आच्छादन लावण्यात आले. त्यानंतर पुन्हा तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 1981 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. इमारतीतला दोष मुलांच्या गुणपत्रिकेवर चढला होता, आणि दोष काढल्यावर तो उतरला. या विषयातील इतक्या स्पष्ट पुराव्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

त्याच सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी केलेला एक प्रयोग मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो. त्यांनी काही लोकांना मोठ्या, अनियमित गोंगाटात बौद्धिक कामे करायला लावली. त्यांतील काहींना एक बटण दिले आणि सांगितले की हवे तेव्हा ते दाबून आवाज बंद करता येईल, पण शक्य तोवर दाबू नका. लोकांनी बटण दाबले नाही, म्हणजे दोन्ही गटांच्या कानांवर सारखाच गोंगाट पडला. गोंगाट थांबल्यानंतर मात्र फरक दिसला. बटण हाताशी असलेल्यांनी मुळात न सुटणारी कोडी सोडवण्याचा प्रयत्न अधिक चिकाटीने केला आणि मजकूर तपासताना कमी चुका केल्या. त्रास सोसण्यापेक्षा त्रास थांबवणे आपल्या हातात नाही ही जाणीव माणसाला जास्त थकवते.

आवाजाविषयीचे नियम ठरवताना हे लक्षात ठेवले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपेच्या खोलीतील सततच्या आवाजाची पातळी 30 डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि वर्गात शिकवणे चालू असताना बाहेरून येणारा आवाज 35 डेसिबलपर्यंतच असावा. पातळी महत्त्वाची आहेच. पण पंख्याची एकसुरी घरघर आणि शेजारच्या टेबलावरचे अर्धवट ऐकू येणारे फोनवरील बोलणे यांची पातळी सारखी असली, तरी दुसऱ्याचा त्रास कितीतरी जास्त होतो, कारण मेंदू शब्दांचा अर्थ लावल्यावाचून राहू शकत नाही. मोकळ्या मांडणीच्या मोठ्या कचेऱ्यांत लोक जी तक्रार करतात ती बहुधा हीच असते. तिथे सगळ्यांना कानांवर हेडफोन लावून बसायला सांगणे हा उपाय नव्हे. दार लावून बोलता येईल आणि दार लावून गप्प बसता येईल अशा काही लहान खोल्या हव्यात. भिंती, छत आणि जमीन या सर्वांनाच गुळगुळीत, कडक पृष्ठभाग दिले की प्रत्येक आवाज घुमत राहतो. छताला शोषक आच्छादन दिले तरी बराच फरक पडतो, आणि तो खर्चाने आवाक्यातला असतो.

मार्गिका, गर्दी आणि मधल्या जागा

एकाच क्षेत्रफळात तितकीच माणसे राहत असूनही एका इमारतीत गर्दी वाटते आणि दुसरीत वाटत नाही, हे कसे? अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी 1970च्या दशकात अमेरिकेतील विद्यार्थी वसतिगृहांत याचा अभ्यास केला. एका प्रकारच्या वसतिगृहात लांबलचक मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना खोल्या होत्या आणि तीसेक मुलांना मिळून एक सामाईक स्नानगृह व एक बैठकीची खोली होती. दुसऱ्या प्रकारात दोन-तीन खोल्यांचे लहान गट होते आणि प्रत्येक गटातील चार ते सहा जणांना स्वतःचे स्नानगृह व बैठक होती. दर माणशी जागा दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. पण लांब मार्गिकेवरच्या मुलांना गर्दी अधिक जाणवे, ती शेजाऱ्यांना टाळत, आणि वसतिगृहाबाहेर, प्रयोगशाळेच्या प्रतीक्षाकक्षातसुद्धा, अनोळखी माणसापासून लांब बसत. घरातली सवय त्यांच्याबरोबर बाहेर आली होती.

त्यांच्यावर हा ताण कशामुळे आला असेल? दात घासायला निघाले तरी वाटेत पंधरा चेहरे भेटतात, त्यांतील कोणाशी किती बोलायचे हे दर वेळी ठरवावे लागते, आणि कोण केव्हा समोर येईल यावर काहीच ताबा नसतो. चार-सहा जणांत ओळख होते, खोड्या-सवयी कळतात, जबाबदारी वाटली जाते. पुढे बॉम आणि ग्लेन डेव्हिस यांनी एका लांब मार्गिकेच्या मधल्या काही खोल्या काढून तिथे बैठक केली आणि दारे बसवून एका मार्गिकेच्या दोन केल्या. मुले तितकीच राहिली, तरी या बदललेल्या मजल्यावरच्या मुलांत ओळखी जास्त झाल्या आणि ताण कमी आढळला.

यातून निघणारी शिकवण अशी की सार्वजनिक आणि खासगी यांच्यामध्ये पायऱ्या हव्यात. खोलीचे दार उघडताच थेट अनोळखी लोकांचा लोंढा आणि दार लावताच संपूर्ण एकटेपणा, असे दोनच पर्याय ज्या इमारतीत असतात तिथे माणसे शेवटी दार लावून घेणेच पत्करतात. ओसरीसारखी एखादी मधली जागा, जिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहता येते, वाटल्यास दोन शब्द बोलता येतात आणि नकोसे झाल्यास कारण न सांगता उठून आत जाता येते, ही एकट्या राहणाऱ्या माणसासाठी फार मोलाची असते. जिन्याच्या वळणावरचा रुंद कठडा, लिफ्टच्या समोरची खिडकीजवळची बैठक, दाराशेजारचे बाक यांचा नकाशात ‘वाया जाणारे क्षेत्रफळ’ असा उल्लेख होतो आणि खर्च कापताना पहिली कात्री तिथेच लागते. अशा चौरस फुटांचा बचाव वास्तुविशारदांनी जिद्दीने करायला हवा असे मला मनापासून वाटते.

आजारी मनासाठी बांधलेल्या इमारती

मनोरुग्णालयांच्या इतिहासात इमारतीला उपचाराचा भाग मानण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर या ख्रिस्ती पंथातील गृहस्थांच्या पुढाकाराने 1796 साली सुरू झालेल्या आश्रयगृहात खिडक्यांच्या चौकटी लोखंडी होत्या, पण त्या लाकडी दिसतील अशा घडवल्या होत्या. कुलपांना चामड्याचे आवरण होते, म्हणजे दार बंद करताना खटका वाजू नये. सुरक्षितता राखायची, मात्र कैदेची जाणीव करून द्यायची नाही, हा तो विचार होता. 1854 साली अमेरिकन डॉक्टर थॉमस कर्कब्राइड यांनी मनोरुग्णालयाच्या बांधणीचे सविस्तर नियम मांडले : मध्यभागी मुख्य इमारत आणि दोन्ही बाजूंना मागे मागे सरकत गेलेल्या शाखा, जेणेकरून प्रत्येक वॉर्डाला उजेड, वारा आणि बाहेरचे दृश्य मिळावे. रुग्णसंख्या 250च्या पुढे जाऊ नये असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्यांच्या आराखड्यावर बांधलेल्या अनेक रुग्णालयांत याच्या कितीतरी पट रुग्ण कोंबले गेले, कर्मचारी अपुरे पडले, आणि त्याच इमारती उपेक्षेचे प्रतीक ठरल्या. चांगला नकाशा वाईट कारभाराला रोखू शकत नाही, हे त्यातून दिसले.

विसाव्या शतकात वेबर्नच्याच सस्कॅचवन प्रांतात, यॉर्कटन येथे नवे मनोरुग्णालय बांधायचे ठरले, तेव्हा कियो इझुमी या वास्तुविशारदांनी रुग्णाला वॉर्ड कसा दिसत असेल हे समजून घेण्यासाठी ऑसमंड यांच्या प्रेरणेने एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य घेऊन जुन्या रुग्णालयाचा अनुभव घेतला. आज कोणी तसे करू नये, आणि त्याची गरजही नाही, कारण आजारातून गेलेली माणसे स्वतःच सांगू शकतात आणि त्यांना आराखड्याच्या टेबलावर बसवता येते. इझुमींना जाणवलेली गोष्ट मात्र खरी होती : ज्याचे आकलन डळमळीत झाले आहे त्याला संपता न संपणारी मार्गिका आणि चकचकीत फरशीवरची प्रतिबिंबे भीतिदायक वाटतात. निरोगी माणसाच्या नजरेतून सुटणारी गोष्ट अशा वेळी अक्राळविक्राळ होऊन समोर येते.

अलीकडच्या काळातील उदाहरण स्वीडनमधील गोथेनबर्गचे आहे. तिथल्या ओस्त्रा रुग्णालयात 2006 साली मानसोपचाराची नवी इमारत सुरू झाली. प्रत्येक रुग्णाला स्वतःची खोली व स्नानगृह, हलवता येणाऱ्या खुर्च्यांच्या बैठका, बाग आणि बागेकडे पाहणाऱ्या खिडक्या, भरपूर दिवसाचा उजेड, कमी घुमणारे आवाज अशी तिची रचना होती. उलरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली जुन्या आणि नव्या इमारतींची तुलना प्रसिद्ध केली. नव्या इमारतीत रुग्णांना जबरदस्तीने इंजेक्शन देण्याची आणि शारीरिक बंधनात ठेवण्याची वेळ कमी प्रमाणात आली होती. त्यामागचा तर्क साधा आहे : वॉर्डातील पुष्कळशी आक्रमकता गर्दी, गोंगाट आणि माघार घ्यायला जागा नसणे यांतून उफाळते. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या खोलीत जाऊन दार लोटता आले, तर भांडण तिथेच विरते.

रुग्णाने स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून अशा ठिकाणी फिटिंगपासून काचेपर्यंत सगळे विशेष प्रकारचे असावे लागते, आणि त्यात तडजोड करता येत नाही. कसोटी असते ती हे सारे अंगावर न येऊ देण्याची, म्हणजे यॉर्कच्या लाकडी दिसणाऱ्या लोखंडी चौकटींचीच.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठी रचना करताना ताब्याचा प्रश्न वेगळे रूप घेतो. त्यांना निवड करायची असते, पण वाट आठवत नाही, त्यामुळे निवडीचे काम इमारतीनेच सोपे करावे लागते. मार्गिका आंधळ्या भिंतीशी न संपता फिरून पुन्हा मूळ जागी आणणारी असावी. शौचालयाचे दार इतर दारांपेक्षा ठळक रंगाचे असावे, आणि तिथली बैठक जमिनीच्या रंगात मिसळून जाऊ नये. दाराशी गडद रंगाचे पायपुसणे नसावे, कारण कित्येकांना ते जमिनीतील खड्ड्यासारखे दिसते आणि ते पाऊल टाकायला घाबरतात. नेदरलँड्समधील वेस्प येथे 2009 साली सुरू झालेल्या होगेवेक या वस्तीत हा विचार गावाच्या पातळीवर नेला आहे. रहिवासी लहान घरांत राहतात आणि सुरक्षित हद्दीच्या आत रस्ते, चौक, दुकान यांत मोकळेपणाने फिरतात.

रंगांविषयी एक सावधगिरीचा शब्द सांगतो, कारण लोक सर्वांत आधी त्याचाच विचार करतात. 1979 साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या एका बंदिगृहात कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली आणि कैदी शांत झाले असे सांगितले गेले. तो रंग अनेक देशांत गेला, मात्र पुढच्या काटेकोर चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. अमुक रंगाने चिंता कमी होते अशी यादी कोणी हाती दिली, तर तिच्यावर विसंबू नये. रंगाचा उपयोग जागा ओळखू येण्यासाठी, उजेड पसरवण्यासाठी आणि राहणाऱ्याला आपली निवड करता यावी म्हणून आहे.

निवडीचे मोल किती असते हे एलेन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी 1976 साली एका वृद्धाश्रमात दाखवले. एका मजल्यावरच्या रहिवाशांना खोलीची मांडणी, पाहुणे भेटण्याची जागा अशा गोष्टी स्वतः ठरवायला सांगितले आणि प्रत्येकाला आवडीचे रोपटे निवडून त्याची निगा राखायला दिले. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण त्यांची निगा कर्मचारी राखतील असे सांगितले. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत आणि समाधानी दिसू लागली. म्हणून बांधकाम संपले तरी रचनाकाराचे काम संपत नाही. राहायला आलेल्यांनी खुर्च्या कुठे हलवल्या, कोणती खिडकी कागदाने झाकली, कोणत्या कोपऱ्यात कोणीच बसत नाही, हे वर्षभराने जाऊन पाहायला हवे.

फिनलंडमधील पायमिओ येथे क्षयरुग्णांचे रुग्णालय बांधताना वास्तुविशारद अल्वार आल्टो यांनी ही दृष्टी आराखड्यातच आणली होती. ते रुग्णालय 1933 साली पूर्ण झाले. काम हाती आले तेव्हा आपण स्वतः आजारी होतो आणि सतत पडून राहणे म्हणजे काय हे त्यामुळे कळले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. नेहमीची खोली उभ्या माणसासाठी असते. ही खोली आडव्या माणसासाठी हवी होती. म्हणून त्यांनी छताला भिंतींपेक्षा गडद, शांत रंग दिला, कारण रुग्ण दिवसभर छताकडेच पाहणार होता. दिवा पडल्या पडल्या डोळ्यांत जाणार नाही अशा जागी लावला. दोन रुग्णांच्या खोलीत एकाने रात्री हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून पाण्याची धार तिरकी पडेल आणि आवाज होणार नाही असे हात धुण्याचे भांडे खास घडवून घेतले.